माउथ ऑर्गनच्या ॲम्पमध्ये व्हॉल्व्ह बदलला की आवाज बदलतो का? घरी असं तपासा

शिकागो पद्धतीचा ब्लूज वाजवणारे लोक माउथ ऑर्गन आणि माईक एकाच ओंजळीत घट्ट धरतात आणि माईकची वायर थेट गिटारच्या व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये, लावतात. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लिटल वॉल्टर या माउथ ऑर्गनवादकाने हा जाड, किंचित फाटलेला आवाज लोकांच्या कानांत बसवला. तेव्हापासून या मंडळींना एक नाद आहे: पहिला व्हॉल्व्ह काढायचा, दुसरा घालायचा आणि ‘बघ, केवढा फरक पडला’ म्हणायचं.

फरक पडतो, पण व्हॉल्व्हचा प्रकार बदलला तर. त्याच प्रकारात नुसती कंपनी बदलून जो फरक पडतो, तो बहुतेकदा पैसे मोजल्यानंतरच ऐकू येतो. आणि प्रकार बदलल्यावर जे कौतुक होतं, त्यातलंही निम्मं श्रेय व्हॉल्यूमच्या नॉबचं असतं.

आधी ॲम्पमध्ये काय आहे ते पाहा

खोक्याच्या आतल्या बाजूला बहुधा व्हॉल्व्हची यादी चिकटवलेली असते. नऊ पिनांचे छोटे व्हॉल्व्ह बहुधा प्रीॲम्पचे, म्हणजे माईकचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाचे. त्यांत सर्वांत जास्त आढळतो १२एएक्स७, म्हणजेच युरोपी नावाने ईसीसी८३. त्याचा गेन (सिग्नल वाढवण्याची क्षमता) १०० धरला, तर ५७५१चा ७०, १२एटी७चा ६०, १२एवाय७चा ४४च्या आसपास आणि १२एयू७चा २०च्या आत. या सगळ्यांच्या पिनांची मांडणी एकच, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा बसतो. चाचणीसाठी १२एएक्स७, १२एवाय७ आणि १२एयू७ असे तीन पुरेत.

जुन्या बाजारातून घेताना छापलेला नंबर नीट वाचा. आपल्याकडे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओसाठी बरेच व्हॉल्व्ह बनवले. ते अजून हाती लागतात, पण ईएल८४सारखा पॉवरचा (स्पीकरला जोर देणारा) व्हॉल्व्हही नऊ पिनांचाच असतो. तो प्रीॲम्पच्या सॉकेटात चालत नाही.

काढण्या-घालण्याची पद्धत

बदलायचा तो पहिला व्हॉल्व्ह, म्हणजे माईकचा सिग्नल सर्वांत आधी जातो तो. ॲम्प बंद करा, प्लग काढा, व्हॉल्व्ह गार होऊ द्या. मग वर धरून हलकेच गोलगोल डोलवत सरळ बाहेर ओढा. घालताना पिनांमधली रिकामी जागा सॉकेटशी जुळवून घ्या. काम सॉकेटपुरतंच ठेवा, चॅसी (आतली जोडणी असलेली धातूची पेटी) उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० ते ४०० व्होल्ट राहू शकतात आणि तेवढे जीव घ्यायला पुरतात. स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प सुरू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प असेल तर मध्ये स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवाच.

शीळ कुठे सुरू होते ते लिहून ठेवा

ॲम्पपासून ठरलेल्या जागी उभे राहा, माईक वाजवताना धरता तसाच धरा आणि व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. फीडबॅकची शीळ सुरू झाली की नॉबचा आकडा टिपा. प्रत्येक व्हॉल्व्ह घालून हेच करा. १२एएक्स७ला ती समजा ३वर आली, तर १२एवाय७ला कदाचित ५वर येईल आणि १२एयू७ला त्याहून वर.

इथेच बहुतेक जण ‘आता शीळ न येता जास्त मोठा आवाज मिळतो’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. पण माईक, ॲम्प, स्पीकर, खोली आणि पुन्हा माईक अशा फेरीत एकूण वाढ किती झाली, एवढ्यावरच शीळ ठरते. १२एवाय७ने वाढ कमी केली आणि तुम्ही नॉब फिरवून ती भरून काढली. वाढीचं गणित जवळजवळ जिथल्या तिथेच. हाती लागतं ते इतकंच, की नॉब आता बारकाईने फिरवता येतो. आधी २ आणि ३च्या मधल्या केसाएवढ्या जागेत सगळा खेळ चालायचा. गर्दीच्या स्टेजवर ही सोय छोटी नाही, पण तिला ‘टोन’ म्हणायला मी तयार नाही.

आता आवाजाची पातळी सारखी करून ऐका

जरा मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो, म्हणून ही पायरी टाळली तर बाकीची चाचणी फुकट. फोनवर ध्वनिपातळी मोजणारं ॲप घ्या, फोन एका जागी ठेवा आणि एकच सूर सारख्या दमाने वाजवत प्रत्येक व्हॉल्व्हसाठी नॉब असा लावा की आकडा सारखा येईल. मग एकच छोटी ओळ, एकाच माउथ ऑर्गनवर, आधी हळू आणि नंतर जोरात वाजवून रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंगला नाव न देता मित्राकडून उलटसुलट क्रमाने ऐका.

हळू वाजवलेला भाग ओळखणं कठीण जाईल. जोरकस भागात मात्र फरक कळू शकतो. माईकचा सिग्नल पहिल्या व्हॉल्व्हमध्ये जातो तेव्हा व्हॉल्यूमचा नॉब अजून यायचा असतो. ओंजळीत दाबलेला माईक भरपूर सिग्नल देतो. १२एएक्स७ त्यानेच फाटू लागला तर नॉब कितीही खाली आणा, तो फाटलेपणा जात नाही. कमी गेनचे व्हॉल्व्ह मोठा सिग्नल पोटात घेतात, आणि फाटण्याचं काम पुढच्या टप्प्यांकडे जातं. हा फरक खरा आहे.

तो किती जाणवेल ते ॲम्पच्या रचनेवरही आहे. फेंडरच्या १९५९च्या बासमनमध्ये पहिल्या जागी मुळातच १२एवाय७ आहे आणि पुढचे दोन १२एएक्स७. छोट्या ५एफ१ चॅम्पमध्ये एकाच १२एएक्स७चे दोन अर्धे दोन टप्पे सांभाळतात. तिथे व्हॉल्व्ह बदलला की दोन्ही टप्पे एकदम मवाळ होतात, म्हणून चॅम्पवाल्यांना फरक मोठा वाटतो.

कंपन्यांची तुलना

एकाच प्रकारचे दोन कंपन्यांचे व्हॉल्व्ह घेऊन वरचीच चाचणी करा. न बघता ओळखता आले तर खुशाल महागडा घ्या. एक गोष्ट मात्र कंपनीपेक्षा त्या एका नगावर अवलंबून असते: काही व्हॉल्व्ह स्वतःच माईकसारखे वागतात. ॲम्प चालू ठेवून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने काचेवर टिचकी मारा. स्पीकरमधून ठणठणाट ऐकू आला तर तो व्हॉल्व्ह पहिल्या जागी नको. स्पीकरच्या हादऱ्यांनी तो स्वतःच शीळ घालू लागेल.

पॉवर आणि रेक्टिफायर

इथे अदलाबदलीचा खेळ नको. ६एल६ या पॉवर व्हॉल्व्हचा हीटर (आतली तापणारी तार) ०.९ अँपिअर घेतो, ६व्ही६चा ०.४५; पिना जुळल्या म्हणून ट्रान्सफॉर्मरला तो भार झेपेलच असं नाही. बासमनमधला जीझेड३४ हा रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारा व्हॉल्व्ह) काढून ५वाय३ लावला तर व्होल्टेज उतरून आवाज मऊ होतो हे खरं, पण ५वाय३ साधारण १२५ मिलिअँपिअरपुरताच असतो आणि जीझेड३४ त्याच्या दुप्पट देतो. मोठ्या ॲम्पमध्ये तो लवकर दम तोडतो. ही जोडणी बदलायचीच असेल तर व्हॉल्व्हचे ॲम्प दुरुस्त करणाऱ्याकडे न्या आणि बायस (पॉवर व्हॉल्व्हमधून सिग्नल नसतानाही वाहणाऱ्या विजेची जुळणी) तपासून घ्या.