नॅरोबोटवरचा दिवस: इंजिन चालू आहे तोवर कामं उरकून घ्या

इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोट (लांब, अरुंद घरबोट) घेऊन राहायचं म्हणजे अख्खा संसार चालवायचा आणि तोच संसार तासाला फार तर ४ मैलांनी पुढेही न्यायचा, कारण बहुतेक कालव्यांवर वेगमर्यादाच तेवढी आहे. नवीन माणूस सगळा वेळ बोट चालवण्यात घालवतो आणि संध्याकाळी बांधून झाली की भांडी, आंघोळ, कपडे सगळं एकदम अंगावर येतं. दिवस इंजिनवर बसवा. गरम पाणी आणि बॅटरी चार्जिंग दोन्ही इंजिनवरच होतं, त्यामुळे पाण्याची आणि विजेची कामं चालत्या बोटीतच करून टाकायची.

बांधलेल्या बोटीचं इंजिन रात्री ८ ते सकाळी ८ चालवायचं नसतं, शेजारच्या बोटीत लोक झोपलेले असतात. तो सकाळचा वेळ तपासणीला द्या. ऑइल बघा, मग किल्ली काढून खिशात ठेवा आणि वीड हॅचमधून (प्रोपेलरच्या वरचं झाकणाचं भोक) हात घालून प्रोपेलरला प्लास्टिक, दोरी, कापड काही गुंडाळलंय का ते चाचपा. झाकण परत घट्ट बसवलंय ना ते दोनदा बघा हं, ते सैल राहिलं तर प्रोपेलरच पाणी आत फेकतो आणि बोट बुडू शकते. लाकूड-कोळशाच्या स्टोव्हची राख झाकणाच्या लोखंडी बादलीत काढून बादली बाहेरच ठेवायची, विझल्यासारखी दिसली तरी तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड येत असतो.

टिलर, म्हणजे मागचा सुकाणूचा दांडा, उलटा चालतो, बोट डावीकडे न्यायची तर तो उजवीकडे ढकलायचा, थोड्या वेळात हाताला सवय होते. समोरून बोट आली की आपण उजवीकडे. काठाला बांधलेल्या बोटी दिसल्या की बऱ्याच आधीपासून वेग एकदम कमी करा, नाहीतर तुमच्या पाण्याच्या ओढीने त्यांचे खुंटे उपटून येतात आणि आतल्या माणसाचा चहा सांडतो. ब्रेक नसतो, रिव्हर्स टाकूनच थांबायचं.

तासभर इंजिन चाललं की टाकीतलं पाणी छान तापतं. एकाने टिलर धरायचा, दुसऱ्याने तेवढ्यात आंघोळ, भांडी उरकायची, मग अदलाबदल. वॉशिंग मशीन असेल तर तेही तेव्हाच लावा, पण शक्यतो पाणी भरायला थांबणार त्याच दिवशी. पाण्याच्या नळावर टाकी भरायला अर्धा तास, कधी त्याहून बराच जास्त लागतो, तेवढ्या वेळात कचरा टाका आणि टॉयलेटची कॅसेट (खालची काढता येणारी मैल्याची टाकी) रिकामी करून या. कॅसेट धुवायच्या नळाला पिण्याच्या पाण्याचा पाइप कध्धीच लावायचा नाही, आणि आपला पाइप टाकीत घालण्याआधी नळाचं पाणी थोडा वेळ वाहू द्या.

लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वरखाली करायच्या दरवाजांच्या हौदात, मात्र दुसरं कुठलंही काम नको. आत शिरायच्या आधी गॅसवरची किटली उतरवून ठेवा, पाणी जोरात आत आलं की बोट पुढेमागे आपटते. खाली उतरताना वरच्या दरवाज्याजवळ पाण्याखाली दगडी कट्टा असतो, त्याला सिल म्हणतात. काठावर त्याची पांढरी रेघ काढलेली असते, बोटीची मागची बाजू कायम त्या रेघेच्या पुढे पाहिजे, कारण मागचं टोक सिलवर अडकलं आणि पाणी उतरत गेलं तर पुढचं टोक खाली जाऊन बोट बघता बघता बुडते. तसं वाटलं की लगेच खालची पॅडल (दरवाज्यातल्या पाणी सोडायच्या झडपा) बंद करायची, म्हणून विंडलास (पॅडल फिरवायचं हँडल) हातात घेऊन काठावर उभा असलेला माणूस फोन बघत नसावा. पॅडल थोडंच उघडा, बोट स्थिर झाली की मग बाकीचं. विंडलास दांड्यावर तसाच सोडून जाऊ नका, पॅडल निसटलं तर तो गरागरा फिरून उडतो. आणि बोटीचा दोर लॉकमध्ये गाठ मारून बांधायचा नाही, खांबाला एक वेढा देऊन टोक हातात धरायचं आणि पाण्याबरोबर सैल करत जायचं.

किती वेळ लागेल याचा हिशेब सोपा आहे, मैल आणि लॉक यांची बेरीज करून ३ ने भागा, तेवढे तास. ६ मैल आणि ६ लॉक म्हणजे ४ तास. डेव्हायझेसच्या केन हिलला तर २ मैलांत २९ लॉक आहेत, त्या दिवशी पाणी आणि जेवण आदल्या दिवशीच तयार ठेवा आणि घरकाम विसरा.

उजेड आहे तोवर थांबा. आधी मधला दोर घेऊन काठावर उतरा, उडी मारू नका, मग पुढचे-मागचे दोर बांधा. खुंटे टोपाथवर (कालव्याकाठच्या पायवाटेवर) रोवले तर त्यांना पांढरी पिशवी बांधा, अंधारात सायकलवाले अडखळतात. इंजिन बंद केल्यावर मागच्या ग्रीसरला (प्रोपेलरच्या शाफ्टला ग्रीस देणारा स्क्रू) एक-दोन फेरे द्या म्हणजे शाफ्टजवळून पाणी ठिबकणार नाही. रात्री स्टोव्ह पेटता ठेवणार असाल तर कितीही थंडी वाजली तरी हवेची भोकं कापडाने बुजवायची नाहीत, आणि झोपायच्या आधी कार्बन मोनॉक्साइड अलार्मचं बटण दाबून तो वाजतोय ना ते बघा.