एक जनुक, दोन खेळ: जीवशास्त्राचा तास खेळून कसा घ्यावा

जीवशास्त्राचा खेळ म्हटलं की आधी सापशिडी सुचते. चौकटीत प्रश्न, उत्तर बरोबर आलं तर शिडी, चुकलं तर साप. मुलं रमतात, पण सोंगटी पुढे नेतो तो फासा. जीवशास्त्राचे प्रश्न काढून इतिहासाचे घातले तरी खेळ तसाच चालेल. पाठ केलेलं पक्कं करायला असा खेळ चांगला आहे आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तो जरूर घ्यावा. पण एखादी प्रक्रिया समजवायची असेल, तर खेळाचा नियम हाच त्या प्रक्रियेचा नियम असायला हवा. खेळ निवडताना कसोटी एकच: मुलाला इथे जे करावं लागतं, तेच पेशीत किंवा निसर्गात घडतं का?

या कसोटीला उतरणारे दोन खेळ पुढे सविस्तर दिले आहेत. दोन्ही एकाच जनुकावर आहेत, हिमोग्लोबिनच्या (रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनाच्या) बीटा साखळीच्या. पहिल्यात डीएनएमधलं एक अक्षर बदलल्याने प्रथिन कसं बदलतं ते दिसतं, दुसऱ्यात ते बदललेलं अक्षर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं की जातं ते दिसतं. प्रत्येकाला ४५ मिनिटांचा एक तास लागतो. दोन्ही एकाच दिवशी घेऊ नका. मधली रात्र विचार मुरायला उपयोगी पडते.

पहिला खेळ: रायबोझोम

पाच-पाच मुलांचे चार गट करा. वर्गात चाळीस मुलं असतील तर आठ गट करून साहित्य दुप्पट घ्या. प्रत्येक गटात एक प्रतिलेखक (डीएनएवरून एम-आरएनए ही नक्कल काढणारा), एक रायबोझोम (त्या नकलेवरून प्रथिनाची साखळी जोडणारा) आणि तीन टी-आरएनए (साखळीचे दुवे, म्हणजे अमिनो आम्लं, आणून देणारे).

प्रत्येक गटासाठी जाड कागदाची एक डीएनए पट्टी बनवा. तिच्यावर डावीकडून उजवीकडे तीन-तीन अक्षरांचे हे नऊ त्रिक लिहा: टीएसी, सीएसी, जीटीए, जीएसी, टीजीए, जीजीए, सीटीसी, सीटीसी, एटीटी. पट्टीच्या डाव्या टोकाला ३ आणि उजव्या टोकाला ५ (डीएनएच्या टोकांची रूढ नावं) लिहायला विसरू नका, दिशेचा गोंधळ तिथेच टळतो. पहिले आठ त्रिक खऱ्या जनुकातले आहेत. शेवटचं थांबा-त्रिक खेळासाठी जोडलेलं आहे आणि ते मुलांना तसं सांगायचं. खरी साखळी १४६ अमिनो आम्लांची असते.

टी-आरएनएची साधारण साठ कार्डं लागतात. एम-आरएनएवरच्या त्रिकाला कोडॉन म्हणतात आणि त्याला जुळणाऱ्या टी-आरएनएवरच्या त्रिकाला प्रतिकोडॉन. कार्डाच्या समोरच्या बाजूला प्रतिकोडॉन, मागे अमिनो आम्लाचं नाव. एयूजी, सीएयू, सीयूजी, एसीयू, सीसीयू, जीएए, यूजीसी आणि एयूसी या कोडॉनांसाठी चार-चार, जीयूजीसाठी सहा आणि जीएजीसाठी आठ. याशिवाय कधीच न लागणाऱ्या सहा कोडॉनांची दोन-दोन कार्डं मुद्दाम मिसळा, नाहीतर मुलं जोडी न जुळवता उरलेलं कार्ड उचलतात. थांबा-कोडॉनांसाठी टी-आरएनए नसतो, म्हणून ‘साखळी सोडा’ असं लिहिलेली चार वेगळी कार्डं ठेवा, त्यावर यूएए, यूएजी, यूजीए तिन्ही लिहा. सगळी कार्डं वर्गाच्या एका बाजूला प्रतिकोडॉन वर ठेवून पसरा.

डीएनए पट्टी एका कोपऱ्यातल्या बाकावर चिकटपट्टीने घट्ट लावा. ते पेशीचं केंद्रक. पट्टी तिथून हलणार नाही, हा या खेळाचा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. चिकटपट्टी लावली नाही तर दोन मिनिटांत कोणीतरी पट्टीच उचलून रायबोझोमकडे नेतं आणि एम-आरएनए कशासाठी असतो हा प्रश्नच मिटून जातो.

प्रतिलेखक पट्टीसमोर उभा राहून पूरक एम-आरएनए (एसमोर यू, टीसमोर ए, जीसमोर सी, सीसमोर जी) लिहितो आणि तो कागद रायबोझोमच्या बाकावर आणून देतो. रायबोझोम एका वेळी एकच कोडॉन उघडा ठेवतो, बाकीचे हाताने झाकतो. एक टी-आरएनए तो कोडॉन बघून जातो, जुळणारं कार्ड शोधून आणतो, रायबोझोम जोडी तपासतो, कार्ड उलटतो आणि आधीच्या कार्डाला क्लिपने जोडतो. एका फेरीत एकच कार्ड आणायचं. गट आपल्या आपण अडखळत पुढे जाऊ द्या, प्रत्येक कार्ड बरोबर आहे का हे शिक्षकाने सांगू नये.

बरोबर आलेली साखळी अशी: मेथिओनीन, व्हॅलीन, हिस्टिडीन, ल्यूसीन, थ्रिओनीन, प्रोलीन, ग्लुटामिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल.

कुठे चुकतं ते आधीच माहीत असलेलं बरं. मुलं एम-आरएनएमध्ये टी लिहितात. उपाय म्हणजे प्रतिलेखकाला लिहायला न देता ए, यू, जी, सी अशी छापील अक्षरंच द्यायची, टी मिळणारच नाही. दुसरा गोंधळ प्रतिकोडॉनचा. एयूसी या कोडॉनचा प्रतिकोडॉन या मांडणीत यूएजी असा दिसतो, आणि ते वाचून मुलं ‘थांबा, थांबा’ ओरडतात. थांबण्याचा संदेश एम-आरएनए देतो, टी-आरएनए नाही, हे तिथल्या तिथे दाखवून द्यायला यासारखी संधी नाही. तिसरी गोष्ट घाईची. सर्वांत आधी संपवणाऱ्या गटाला गुण ठेवू नका. घाईत नकलेच्या चुका होतात आणि मुलं त्या खोडून लपवतात. त्या चुका तर आपल्याला हव्या आहेत! नक्कल चुकून एखादा भलताच कोडॉन आला आणि त्याचं कार्ड नसलं, तर कोडॉन तक्ता बघून कोऱ्या कार्डावर नाव लिहायला सांगा.

दुसऱ्या डावासाठी पट्ट्या गुपचूप बदला. पहिल्या गटाच्या सातव्या त्रिकात सीटीसीऐवजी सीएसी करा. दुसऱ्या गटाच्या त्याच जागी सीटीटी. तिसऱ्याच्या त्याच जागी एटीसी. चौथ्या गटाच्या पट्टीतलं चौथं अक्षर, म्हणजे दुसऱ्या त्रिकातला पहिला सी, काढून टाका आणि पुढची अक्षरं डावीकडे सरकवा.

निकाल असे येतात. पहिल्या गटात जीएजीचं जीयूजी होतं आणि ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं: हाच सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातला बदल. दुसऱ्या गटात जीएए येतं, तेही ग्लुटामिक आम्लच, म्हणजे अक्षर बदलूनही प्रथिन जसंच्या तसं. तिसऱ्यात यूएजी येऊन साखळी सहा अमिनो आम्लांवर तुटते. चौथ्यात मेथिओनीन, सिस्टीन, आयसोल्यूसीन आणि लगेच यूजीए, खेळ खलास. चारही साखळ्या फळ्यावर शेजारी-शेजारी लावा. बदल प्रत्येक पट्टीत एकाच अक्षराचा, परिणाम चार तऱ्हांचे. उत्परिवर्तन म्हणजे नेहमी बिघाडच, असं मुलांच्या मनात बसलेलं असतं. दुसऱ्या गटाची साखळी तो समज मोडते.

एखादं चौकस मूल विचारेल की पुस्तकात बदल सहाव्या जागी म्हटलं आहे, आमचा सातव्या जागी का आला. साखळी तयार होताना पहिलं मेथिओनीन कापलं जातं आणि मोजणी त्यानंतरच्या व्हॅलीनपासून होते, म्हणून.

वेळ अशी वाटा: नियम ५ मिनिटं, पहिला डाव १२, दुसरा १०, चर्चा १५. उरलेली मिनिटं बाकं सरकवण्यात जातात.

दुसरा खेळ: मणी आणि पिढ्या

चार-चार मुलांचा गट. प्रत्येक गटाला आतलं न दिसणारी एक पिशवी, तीन वाट्या, एक फासा, ५० लाल मणी आणि ५० पांढरे मणी. बदललेलं प्रमाण भरून काढायला लाल मणी आणखी ५० जवळ असू द्या. दोन्ही रंगांचे मणी आकाराने आणि स्पर्शाने अगदी सारखे हवेत. पांढरा मणी जरासा खडबडीत असला तरी बोटांना कळतं आणि आकडे बिघडतात. लाल म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिनचं अलील (जनुकाचं एक रूप), पांढरा म्हणजे सिकलसेलचं.

न बघता दोन-दोन मणी काढा. प्रत्येक जोडी म्हणजे एक मूल. पन्नास जोड्या होतील. लाल-लाल, लाल-पांढरा, पांढरा-पांढरा अशा तीन वाट्यांत ठेवा आणि संख्या लिहा. साधारण १२-१३, २५ आणि १२-१३ येतात.

पहिल्या फेरीत मलेरिया नाही. पांढऱ्या-पांढऱ्या जोड्या, म्हणजे आजारी मुलं, बाजूला काढा, त्यांचे मणी पुढच्या पिढीत जाणार नाहीत. उरलेल्या मण्यांत पांढऱ्यांचं प्रमाण काढा आणि त्याच प्रमाणात पिशवीत पुन्हा १०० मणी भरा. हे भरणं मुलं हटकून विसरतात. उरलेले मणी तसेच पिशवीत टाकले तर लोकसंख्या दर पिढीला घटते आणि चारपाच पिढ्यांनी नैसर्गिक निवडीचा परिणाम कोणता आणि नुसता योगायोग कोणता, हे सांगता येत नाही.

अपेक्षित पांढरे मणी पिढीगणिक असे उतरतात: ५०, ३३, २५, २०, १७, १४. शंभर भागिले दोन, मग भागिले तीन, चार, पाच, सहा, सात. उतार कमी-कमी होत का जातो, हे मुलांनाच विचारा आणि उत्तरासाठी मधली वाटी बघायला सांगा. पांढरे मणी १४ उरले असताना पन्नास मुलांत आजारी साधारण एकच असतं, पण वाहक (लाल-पांढरी जोडी) बाराच्या आसपास. अलील वाहकांत लपून बसतं, तिथे निवडीचा हात पोचत नाही.

दुसऱ्या फेरीत मलेरिया आणा. पुन्हा ५०-५० पासून सुरुवात. पांढऱ्या-पांढऱ्या जोड्या आधीसारख्याच बाद. आता प्रत्येक लाल-लाल जोडीसाठी फासा टाका; १ किंवा २ आला तर ती जोडीही बाद. लाल-पांढऱ्या जोडीला फासा नाही, कारण वाहकांना गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. आकडे आता ५०, ३८, ३२, २९, २८, २७ असे येतात आणि २५ जवळ स्थिरावतात. वेळ असेल तर एका गटाला १० पांढरे आणि ९० लाल मणी देऊन बघा: तिथे पांढरे वाढत जातात, १० चे १३, मग १५. वरून उतरणारा आणि खालून चढणारा गट एकाच आकड्याकडे येताना आलेखावर दिसला, की ‘चांगलं जनुक’ आणि ‘वाईट जनुक’ हे शब्द मुलं स्वतःच वापरेनाशी होतात.

फाशाचा मृत्युदर मुद्दाम वाढवलेला आहे, एका तासात कल दिसावा म्हणून. हे सांगा, नाहीतर तोच आकडा खरा म्हणून डोक्यात बसतो.

प्रत्येक गटाचे आकडे वेगळे येतील. त्यांना चूक म्हणू नका. सगळ्या गटांची सरासरी फळ्यावर काढली की ती अपेक्षित आकड्यांच्या जवळ जाते. मग एका गटाला फक्त १० मणी देऊन, कुठलीही जोडी बाद न करता, जोड्या परत पिशवीत न टाकता पाचच मणी पुढच्या पिढीचे पालक म्हणून उचलायला सांगा आणि त्यांच्या प्रमाणात पुन्हा १० भरा. थोड्याच पिढ्यांत एखादा रंग पूर्ण नाहीसा होतो. आनुवंशिक विचलनावर, म्हणजे नुसत्या योगायोगाने प्रमाण बदलण्यावर, यापेक्षा लांब व्याख्यान लागत नाही.

एक सांभाळायचं. सिकलसेल हा खरा आजार आहे आणि वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरात तो असू शकतो. ‘मेला’, ‘आउट’ असे शब्द नकोत. ‘हे मणी पुढे जात नाहीत’ म्हणा.

मुलांना प्राणी बनवू नका

नैसर्गिक निवडीच्या खेळात मुलांना ससा किंवा किडा बनवण्याचा मोह होतो. मूल ससा झालं की ते पळतं, लपतं, युक्ती लढवतं, आणि शेवटी शिकतं की ससे प्रयत्न करून बदलतात. हा गैरसमज पुढे वर्षानुवर्षं जात नाही. म्हणून मुलांनी पर्यावरण व्हावं: शिकारी, दुष्काळ, रोग. सजीव म्हणून निर्जीव वस्तूच ठेवाव्यात, मणी, कागदाचे तुकडे, काड्या. त्यांना इच्छा नसते. संगणकावरच्या खेळांतही हेच बघा. एकच प्राणी ताकद वाढली की ‘उत्क्रांत’ होतो असं दाखवणारा खेळ उत्क्रांतीच्या तासाला चालणार नाही. व्यक्ती बदलत नाही, लोकसंख्येतलं प्रमाण बदलतं.

संगणक असेल तर कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातलं सशांचं मोफत सिम्युलेशन मण्यांच्या खेळानंतर घ्या, आधी नको. मण्यांनी हात काळे केलेल्या मुलाला पडद्यावरचा आलेख कुठून येतो ते कळतं. जरा मोठ्या मुलांसाठी प्रथिनांच्या घड्या घालण्याचा ‘फोल्डइट’ हा खेळ आहे. २००८ साली तो सुरू झाला आणि २०११ मध्ये त्याच्या खेळाडूंनी माकडांमधल्या एका विषाणूच्या विकराची (एन्झाइमची) रचना शोधून काढायला संशोधकांना मदत केली. रायबोझोमच्या खेळात साखळी तयार झाल्यावर ‘मग पुढे काय’ विचारणाऱ्या मुलाला तो द्यावा.

चर्चेची पंधरा मिनिटं

तास संपत आला की कापली जाते ती चर्चा, आणि मग मुलांच्या लक्षात फक्त मणी राहतात. त्यापेक्षा एक पिढी कमी खेळा. तीन प्रश्न पुरतात. खेळात कोणता मणी स्वतः बदलला? (एकही नाही, हे उत्तर मुलांच्या तोंडून यायला हवं.) खेळातली कोणती गोष्ट खरी नाही? इथे यादी लांबू द्या: स्थलांतर नाही, नवं उत्परिवर्तन नाही, सगळ्या पिढ्या वेगवेगळ्या, जोड्या अगदी यदृच्छेने. आणि शेवटचा, फासा ६ आल्यावरच लाल-लाल जोडी बाद केली असती तर पांढरे मणी कुठे स्थिरावले असते? अंदाज कागदावर लिहून घ्या आणि पुढच्या तासाला खेळून बघा. उत्तर १४ च्या आसपास येतं.

साहित्य आवरताना प्रत्येक पिशवीतले लाल आणि पांढरे मणी मोजून घ्या आणि संख्या पिशवीवरच लिहा. रायबोझोमच्या बदललेल्या चार पट्ट्या मूळ पट्ट्यांपासून वेगळ्या पाकिटात ठेवा. त्या मिसळल्या तर पुढच्या वर्गाचा पहिलाच डाव चुकीच्या साखळीने सुरू होतो, आणि कारण सापडेपर्यंत तास संपलेला असतो.