प्रोसेकोच्या टेकड्यांवर जाण्याआधी

व्हेनिसला तीन-चार दिवस राहणार असाल, तर त्यातला एक अख्खा दिवस प्रोसेकोसाठी, म्हणजे त्या भागातल्या बुडबुड्यांच्या वाइनसाठी, बाजूला काढा. व्हेनिसहून उदिनेकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की साधारण तासाभरात कोनेल्यानो येतं. तिथून वाल्दोब्बियादेनेपर्यंत पसरलेल्या टेकड्या २०१९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. पाहायला सुंदर आहेतच, पण जायचं ते तिथली वाइन जिथे होते तिथेच प्यायला, आणि त्यासाठी थोडी तयारी लागते.

आधी तारीख. सप्टेंबरात द्राक्षतोडणी चालते. उतार इतके उभे की यंत्र चढत नाही, घड हातानेच खुडावे लागतात. ते दृश्य बघण्यासारखं असलं, तरी छोट्या घरगुती वाइनरींना त्या दिवसांत पाहुण्यांकडे बघायला वेळ नसतो. निवांत बोलायचं असेल तर मे महिना बरा. महिना कुठलाही असो, आधी ईमेल करून वेळ ठरवा. मी पहिल्या वेळी रविवारी दुपारी तसाच गेलो आणि बंद फाटकासमोर उभा राहिलो. आत कुत्रा भुंकत होता, माणूस कोणी नाही. चूक माझीच होती.

वाहनाचा निर्णयही घरीच घ्या. वाल्दोब्बियादेने गावात थेट रेल्वे जात नाही, बस मोजक्या, आणि वाइनरी एकमेकींपासून दूर. त्यामुळे बरेच जण गाडी भाड्याने घेतात. इटलीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे आणि लायसन्स मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. चालवणारा पिणार नाही हे निघण्याआधी ठरलेलं असू द्या. सगळ्यांनाच चव घ्यायची असेल तर दिवसभरासाठी ड्रायव्हरसह गाडी करा, ते पैसे वाया जात नाहीत.

लेबल वाचायला शिकून जा. सगळ्यात जास्त गोंधळ गोडीवरून होतो. ‘ब्रूट’ म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. ‘एक्स्ट्रा ड्राय’ १२ ते १७ आणि ‘ड्राय’ त्याहून गोड, १७ ते ३२. म्हणजे ड्राय मागाल आणि हातात गोड ग्लास येईल! चव घेताना क्रमही हाच ठेवा, ब्रूटपासून गोडाकडे. उलटं केलंत तर ब्रूट नुसती आंबट लागेल. ‘स्पुमान्ते’ लिहिलेलं असेल तर भरपूर फेस, ‘फ्रिझान्ते’ असेल तर हलके बुडबुडे. ‘रीवे’ हा शब्द दिसला तर द्राक्षं एकाच गावाच्या उभ्या उतारावरची आहेत असं समजा. आणि कार्तित्से ही जेमतेम १०७ हेक्टरांची टेकडी. तिथली बाटली महाग असते, पण निदान एक ग्लास तरी घ्याच. द्राक्षाचं नाव ग्लेरा. २००९ पर्यंत द्राक्षालाही प्रोसेकोच म्हणत. मग ते नाव प्रदेशासाठी राखून ठेवलं गेलं.

वाइनरीत पोचल्यावर टाकी दाखवा म्हणून आवर्जून सांगा. प्रोसेकोला ‘स्वस्तातली शॅम्पेन’ म्हणणाऱ्यांनी ती टाकी पाहायला हवी. शॅम्पेनचं दुसरं, बुडबुडे आणणारं आंबवणं बाटलीत होतं आणि मेलेल्या यीस्टच्या गाळावर महिनोन्‌महिने राहून तिला पावासारखा वास येतो. प्रोसेकोचं दुसरं आंबवणं बहुतेक वेळा स्टीलच्या बंद टाकीत होतं. ही पद्धत इटलीच्या फेदेरिको मार्तिनोत्ती याने १८९५ मध्ये आस्ती शहरात मांडली, पुढे फ्रान्सच्या शार्मा याने ती सुधारली. टाकीत तयार झालेला वायू बाहेर न जाता वाइनमध्येच विरतो, मग वाइन गार करून, गाळून, दाब न सोडता बाटलीत भरतात. गाळाशी सहवास थोडा, म्हणून हिरवं सफरचंद, नाशपाती, पांढरी फुलं असे द्राक्षाचेच वास टिकतात. तो ताजेपणा मुद्दाम राखलेला असतो. बाटलीत आंबवलेली, तळाशी गाळ असलेली जुन्या पद्धतीची ‘कोल फोन्दो’ मिळाली तर तीही चाखा. गढूळ दिसते म्हणून नाकारू नका.

त्या दिवशी अत्तर, सेंट लावू नका आणि वाइनरीत शिरण्याआधी पुदिन्याची गोळी चघळू नका, नाक आणि जीभ दोन्ही बंद पडतात. सकाळी पोटभर खाऊन निघा, पाण्याची बाटली जवळ ठेवा. अल्कोहोल ११ टक्क्यांच्या आसपास असलं तरी पाच-सहा ठिकाणी घोट घोट मिळून बरंच होतं. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात अपमान कसला? लांब अरुंद ग्लासाऐवजी पोट असलेला, वर निमुळता ग्लास मागा, त्यात वास येतो.

शाकाहारी असाल तर आधी कळवा. सोबत बहुधा सोप्रेसा हे डुकराच्या मांसाचं सॉसेज येतं. पण मऊ, ताजं कासातेल्ला चीज, मक्याच्या पिठाचा पोलेन्ता, हिवाळ्यात त्रेविजोचं रादिक्क्यो ही कडसर लाल पालेभाजी मिळते आणि एक्स्ट्रा ड्रायबरोबर ते मला मांसाहून जास्त आवडलं.

येताना किती आणायच्या? भारतात प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. प्रत्येक बाटली पिशवीत, मग स्वेटरमध्ये गुंडाळून चेक-इन बॅगेच्या मधोमध ठेवा. घरी आल्यावर आठवडाभर विश्रांती द्या. उघडण्याआधी अर्धा तास बर्फ-पाण्यात ठेवून सहा ते आठ अंशांपर्यंत गार करा. आत गाडीच्या टायरपेक्षा जास्त दाब असतो, म्हणून बुचावरची तार सोडवताना अंगठा बुचावरून हलवू नका. बाटली तिरकी धरा, बूच घट्ट पकडून बाटली फिरवा. नुसतं फुस्स झालं पाहिजे, धडाका नको. आधी दोन बोटं ओता, फेस बसू द्या, मग उरलेली. दुसरी बाटली दिवाळीसाठी ठेवलीत तर चालेल, पण याच दिवाळीसाठी.