हूड घेण्याआधी पाईप बघा

परक्या देशात नवीन बिऱ्हाड मांडताना हूड घ्यायची वेळ येते (आपण ज्याला चिमणी म्हणतो तेच) आणि पहिला प्रश्न पडतो: स्वस्तातलं की महागातलं? माझं सांगणं एवढंच, की दुकानात जायच्या आधी स्टुलावर चढा आणि शेगडीच्या वरचं कपाट उघडून बघा. तिथून पाईप घराबाहेर जातोय का?

पाईप नसेल तर हूड हवा ओढतं, कोळशाच्या फिल्टरमधून गाळतं आणि पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतं. तेलाचे कण जाळीत अडकतात, वासही बराचसा कमी होतो. पण वाफ आणि गॅस जळून निघणारे वायू घरातच राहतात. पहिल्या घरात मी असंच एक महागडं, काचेचं, बोट टेकवलं की चालू होणारं हूड बसवलं. पाईपचं विक्रेत्याने सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. पहिल्याच हिवाळ्यात खिडकीच्या काचांवरून पाणी ओघळायला लागलं, चौकटीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली. कोळशाचा फिल्टर दर काही महिन्यांनी नवा घालावा लागतो, हेही तेव्हाच कळलं. पुढच्या घरात साधं हूड घेतलं आणि उरलेले पैसे भिंतीतून पाईप काढण्यात घातले. काचा कोरड्या राहिल्या.

तो पाईपही बारीक नको. १५० मिलिमीटरचा पाईप १२० वर आणला, की हवेची वाट एक तृतीयांशाहून जास्त आक्रसते. शक्यतो गुळगुळीत, कडक पाईप घ्या आणि वळणं कमीत कमी ठेवा.

ताकदीचा हिशोब सोपा आहे. स्वयंपाकघराची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणा आणि दहापट करा. ४ बाय ३ ची खोली, उंची २.५, म्हणजे ३० घनमीटर. तासाला ३०० घनमीटर हवा ओढणारं हूड पुरतं. तळण जास्त असेल तर थोडं वरचं घ्या. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा सगळ्यात वरच्या गतीचा असतो. रोज ज्या गतीवर चालवाल तिचा आकडा विचारा.

जास्तीचे पैसे मोजायचेच तर ते आवाजासाठी मोजा. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, आणि गोंगाट करणारं हूड माणूस पाच मिनिटांत बंद करतो. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली एकच असेल, शेजारी बाळ झोपत असेल, तर शांत मोटर खरंच घ्या. दिवे, काच, रिमोट यांवर मी एक पैसाही जास्त देणार नाही. रुंदी मात्र शेगडीपेक्षा कमी नको.

घरात शेकोटी किंवा धुराड्यातून धूर बाहेर सोडणारा बॉयलर (पाणी तापवणारं यंत्र) असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय जोरदार हूड लावू नका. हूडमुळे आत ओढ निर्माण होऊन कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू धुराड्यातून उलटा घरात येऊ शकतो.

भाड्याच्या घरात भिंत फोडायची तर घरमालकाची लेखी परवानगी घ्या. हूड आधीपासूनच असेल तर ते चालू करून टिश्यू पेपर जाळीला लावा. चिकटून राहिला तर ओढ आहे. पडला, तर नवीन हूड बघायच्या आधी जाळी उतरवून गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवा, घासून वाळवा आणि पुन्हा कागद लावून बघा.