मृगाचं वाहन, मुंग्यांची अंडी आणि नारिंगी इशारा: पावसाचे दावे एकाच वहीत कसे तपासायचे

मे सरत आला की नाशिक जिल्ह्यात पावसाचे अंदाज चार वाटांनी यायला लागतात. कुणी पंचांगात मृगाचं वाहन, म्हणजे त्या नक्षत्राला ठरवलेला प्राणी, बघतं, कुणी कावळ्याचं घरटं कुठल्या झाडावर आहे ते बघतं, कुणाच्या तोंडी नक्षत्रांच्या म्हणी असतात, तर कुणी मोबाईलवर वेधशाळेचा अंदाज वाचून दाखवतं. खरं कोण, यावर पारावर वाद घालण्यापेक्षा चौघांनाही एकाच वहीत बसवता येतं. त्यासाठी शंभर पानी वही, घरगुती पर्जन्यमापक, वीस मिलीची बिनसुईची सिरिंज आणि रोज सकाळची पाच मिनिटं लागतात.

आधी पर्जन्यमापक

‘काल बरा पडला’ ही नोंद नव्हे. नोंद आकड्यात हवी. विकतचा पर्जन्यमापक असेल तर उत्तमच. घरी करायचा तर तोंडाचा आतला व्यास ११.३ सें.मी. असलेलं नरसाळं शोधा. त्या तोंडाचं क्षेत्रफळ १०० चौ.सें.मी. भरतं, म्हणून १ मि.मी. पाऊस म्हणजे १० मिली पाणी, इतका सोपा हिशोब होतो. दुसऱ्या मापाचं नरसाळं मिळालं तर व्यासाचा सेंटिमीटरमधला वर्ग ०.०७८५ नं गुणा. येतील तितके मिली म्हणजे १ मि.मी. पाऊस. दहा सेंटिमीटरच्या नरसाळ्याला हा आकडा ७.८५ येतो.

नरसाळ्याखाली दोन लिटरची बाटली ठेवली तर २०० मि.मी.पर्यंत पाऊस मावतो. इगतपुरी, त्र्यंबकेश्वरकडे पाच लिटरचा कॅन लावा, नाहीतर ऐन अतिवृष्टीच्या दिवशीच वहीत ‘ओसंडून गेलं’ असं लिहावं लागतं. नरसाळं आणि बाटलीचा सांधा टेपनं पक्का करा. सांधा उघडा राहिला तर नरसाळ्याच्या बाहेरून ओघळणारं पाणीही आत शिरतं आणि आकडा फुगतो.

जागा निवडताना बहुतेकांचं चुकतं. जवळचं झाड, भिंत किंवा शेड जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवा. तोंड जमिनीपासून साधारण ३० सें.मी. वर आणि आडव्या पातळीत असावं. गच्चीवर वारा थेंब उडवून नेतो, त्यामुळे पाऊस कमी भरतो. द्राक्षाच्या मांडवाखाली ठेवला तर पानांवरून टपकणारं पाणीच मोजलं जातं.

वाचन सकाळी ८.३० लाच घ्या, कारण वेधशाळेचा दिवस ८.३० ते ८.३० असतो. काल दुपारी चारला कोसळलेला पाऊस आज सकाळच्या तारखेवर चढतो. इथं एक दिवसाची गफलत झाली की पुढची सगळी तुलना वाया जाते. २.५ मि.मी. किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर तो ‘पावसाचा दिवस’ धरा, वेधशाळाही तसंच धरते. आठवड्यातून एकदा कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर आपल्या महसूल मंडळाचा (तालुक्यातल्या आपल्या गावगटाचा) आकडा बघा. एखाद्या दिवशी फरक पडणारच, कारण सर एका शिवारात पडते आणि शेजारचं शिवार कोरडं राहतं. पण तुमचा आकडा महिनाभर सतत निम्माच येत असेल तर दोष ढगांचा नाही, मापकाच्या जागेचा आहे.

दावा लिहायची रीत

वहीत सहा रकाने आखा: दावा लिहिल्याची तारीख, दावा कशावरून, ठिकाण, मुदत, किती मि.मी., आणि शेवटी निकाल. पहिले पाच रकाने पाऊस पडायच्या आधी भरायचे आणि शाईच्या पेनानं भरायचे. ‘या वर्षी पाऊस चांगला’ असं वाक्य वहीत घेऊ नका. सांगणाऱ्यालाच विचारा, ‘काका, किती पडला तर चांगला? कुठं? कधीपर्यंत? आणि काय झालं तर तुमचं चुकलं म्हणायचं?’ शेवटच्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर तो दावा तपासण्याजोगा नाही. तो ऐकून घ्या आणि सोडून द्या.

पंचांगाचं वाहन

सूर्याला एक नक्षत्र ओलांडायला तेरा-चौदा दिवस लागतात. सध्या तो ७-८ जूनला मृगात शिरतो. त्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते बघायचं, सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत दोन्ही धरून मोजायचं आणि येणाऱ्या संख्येला नऊनं भागायचं. बाकी १ घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक, ४ मेंढा, ५ मोर, ६ उंदीर, ७ म्हैस, ८ गाढव, ० हत्ती. चंद्र श्रवणात असेल तर मृगापासून श्रवण अठरावं, बाकी शून्य, वाहन हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले तर भरपूर पाऊस. मोर, गाढव, उंदीर आले तर मध्यम. कोल्हा आणि मेंढा पावसाची ओढ दाखवतात. घोडा म्हणजे डोंगराकडे पाऊस.

हे गणित चोख आहे, फक्त त्यात वारा, ढग, समुद्राचं तापमान यातलं काहीच येत नाही. शिवाय साऱ्या महाराष्ट्राला प्राणी एकच. इगतपुरीला वर्षाला ३००० मि.मी.च्या आसपास पाऊस होतो, येवल्याकडे ५००च्या आसपास, आणि दोन्हीकडे हत्तीच. म्हणून वाहन तपासताना मोजपट्टी आधी ठरवा: भरपूर पावसाचं वाहन असेल तर आपल्या मंडळात त्या नक्षत्राच्या दिवसांत सरासरीहून जास्त पाऊस पडायला हवा. जिल्ह्याची सरासरी इथं चालणार नाही.

घाईनं निकाल देऊ नका. मृगापासून स्वातीपर्यंत हंगामात अकरा नक्षत्रं येतात, म्हणजे पाच वर्षांत पंचावन्न नोंदी. नऊ वाहनांत वाटल्या तर एकेकाच्या वाट्याला सहाच. एका वर्षी हत्ती ‘खरा ठरला’ याला काहीच वजन नाही.

आणखी एक गोष्ट पंचांग बघणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते. संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष फार हळू डोलत असल्यामुळे, मृग सुरू होण्याची तारीख ऋतूंच्या तुलनेत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. हजार वर्षांपूर्वीचा मृग आजच्यापेक्षा जवळपास दोन आठवडे आधी लागत होता. ‘मृगात पेरणी’ हा सल्ला त्यामुळे कायमचा बांधलेला नाही.

खुणा: इथं सगळ्यात जास्त फसगत होते

मुंग्या अंडी घेऊन निघाल्या, मोर ओरडला, नदी फुगली. या खुणांवर आपल्याकडे फार जुना आणि फार नेमका वाद आहे. तर्कशास्त्रावरच्या गौतमांच्या न्यायसूत्रांत या प्राचीन ग्रंथात अनुमानावर आक्षेप घेणारा याच तीन खुणा पुढे करतो: नदी अडवल्यानंही फुगते, मुंग्या वारूळ मोडल्यानंही अंडी हलवतात, आणि मोराचा आवाज माणूसही काढू शकतो. मग अनुमानाचा भरवसा काय? सूत्रकाराचं उत्तर असं की, यात अनुमान चुकलेलं नाही, खूण अर्धवट पाहिली गेली आहे. पावसानं आलेला पूर आणि अडवलेलं पाणी नीट पाहिलं तर वेगळं ओळखू येतं. (हे गौतम आणि ब्रह्मगिरीचे गौतम ऋषी एकच, असं नावावरून ठरवायची घाई करू नका. नुसत्या सारखेपणावरून काढलेला निष्कर्ष तिसऱ्या आक्षेपातच सापडतो.)

नाशिककरांना याचा पडताळा रामकुंडाजवळ घेता येतो. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की ‘वर जोरदार पाऊस झाला’ असं सगळे म्हणतात. पण मध्ये गंगापूर धरण आहे. पाणी नदीत किती येणार हे पावसाइतकंच धरणाच्या दरवाजांवर ठरतं. धरण रिकामं असताना त्र्यंबकला धो धो पाऊस होऊनही मारुतीचे पाय कोरडे राहतील, आणि जायकवाडीसाठी पाणी सोडलं तर निरभ्र आकाशाखालीही गोदावरी वाढेल. म्हणून पुराच्या बातमीत दोन आकडे शोधा: गंगापूरमधून सोडलेला विसर्ग आणि होळकर पुलाखालून जाणारा विसर्ग. पुलाखालचा आकडा बराच मोठा असेल तर जास्तीचं पाणी धरण आणि पूल यांच्या दरम्यान पडलेल्या पावसाचं आहे. सोडलेलं पाणी पुलापर्यंत यायला वेळ लागतो, त्यामुळे एकाच घटकेचे दोन आकडे ताडून बघू नका. क्युसेक म्हणजे सेकंदाला घनफूट, साधारण २८.३ लिटर.

मुंग्यांसारखी रोज दिसणारी खूण तपासायला चार खणांचा तक्ता आखा: खूण दिसली आणि पाऊस पडला, दिसली आणि पडला नाही, दिसली नाही आणि पडला, दिसली नाही आणि पडलाही नाही. लोकांच्या लक्षात पहिला खणच राहतो. समजा, साठ दिवसांत मुंग्या वीस दिवस दिसल्या आणि त्यातल्या बारा वेळा दुसऱ्या दिवशी पाऊस झाला. साठ टक्के! पण मुंग्या न दिसलेल्या चाळीस दिवसांपैकी चोवीस वेळाही पाऊस झाला असेल, तर तिथंही साठच टक्के. म्हणजे मुंग्यांनी काहीच सांगितलं नाही, ऐन पावसाळ्यात पाऊस पडतोच इतकंच कळलं. दोन टक्केवारींतलं अंतर हाच खुणेचा कस.

चंद्राच्या खळ्याला थोडा जास्त मान द्यायला हरकत नाही, कारण त्यामागचं कारण कळतं. पण खळं दोन प्रकारचं असतं. हात लांब करून वीत पसरा, अंगठा चंद्रावर धरा. करंगळी कड्याला टेकली तर ते २२ अंशांचं खळं, उंचावरच्या ढगांतल्या बर्फाच्या कणांनी पडलेलं. चंद्राला चिकटलेलं छोटं रंगीत वलय पाण्याच्या बारीक थेंबांमुळे दिसतं. दोन्ही एकाच रकान्यात लिहू नका.

कावळ्याच्या घरट्याची अडचण वेगळीच. ते वर्षातून एकदाच बांधलं जातं, म्हणजे एका घरट्यामागे वर्षाला एकच नोंद. निदान दहा घरटी बघा. ती सगळी एकाच प्रकारच्या झाडांवर नसतील, आणि तिथंच बऱ्याच पैजा मोडतात.

वेधशाळेचा अंदाज नीट वाचणं

‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस’ यातल्या प्रत्येक शब्दाला आकडा आहे. तुरळक म्हणजे जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर, काही ठिकाणी म्हणजे २६ ते ५० टक्के. हलका पाऊस २.५ ते १५.५ मि.मी., मध्यम ६४.४ पर्यंत, जोरदार ६४.५ ते ११५.५, त्यापुढे २०४.४ पर्यंत अतिजोरदार. तेव्हा सिन्नरच्या तुमच्या शेतात थेंब पडला नाही म्हणून हा अंदाज चुकला असं होत नाही. त्याची परीक्षा महारेनवरच्या सगळ्या मंडळांचे आकडे घेऊनच करायची. रंगही मिलिमीटर सांगत नाहीत, तयारी सांगतात: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा.

अंदाज सतत बदलतात, म्हणून तो कधी काढला ती वेळही लिहा आणि स्क्रीनशॉट ठेवा. उद्याचा आणि पाच दिवसांनंतरचा अंदाज वेगळ्या पानांवर ठेवा. दोन्ही एकत्र केले की चांगल्याचं नाव खराब होतं आणि वाईट झाकलं जातं.

नुसती ‘अचूकता’ बघू नका. १८८४ मध्ये अमेरिकेत फिन्ली यांनी टोर्नेडोचे, म्हणजे भोवऱ्यासारख्या वादळांचे, २८०३ अंदाज दिले. वादळ सांगितलं आणि झालं, २८ वेळा; सांगितलं पण झालं नाही, ७२; झालं पण सांगितलं नव्हतं, २३; बाकी २६८० वेळा दोन्ही नाही. अचूकता ९६.६ टक्के. आणि रोज डोळे मिटून ‘वादळ नाही’ म्हटलं असतं तर ९८.२! म्हणून वहीत एक रकाना ‘रोज तेच सांगणाऱ्या’चाही ठेवा. जुलैत तो रोज ‘पाऊस’ म्हणेल, जानेवारीत ‘नाही’. ज्याला त्याच्यापुढे जाता येत नाही, त्या अंदाजाचा उपयोग नाही, मग तो पंचांगाचा असो की ॲपचा.

म्हणी मागच्या पानांवर

‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती’ हा अंदाज नाहीच. पाऊस पडेल असं त्यात कुठं म्हटलंय? पडला तर काय होईल, एवढंच ते सांगतं. त्यामुळे म्हण तपासायला पिकाचा रकाना लागतो. ऑक्टोबरच्या शेवटी आलेला पाऊस रब्बी ज्वारीला खरंच मोत्यासारखा. पण तोच पाऊस फळछाटणी झालेल्या द्राक्षबागेत पोंगा (कोवळा कोंब) ते फुलोऱ्याच्या काळात आला तर डावणी हा बुरशीचा रोग आणि कूज घेऊन येतो, आणि उन्हाळ कांद्याची रोपंही कोलमडतात. ‘पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा’ हे मात्र इगतपुरीच्या खाचरांत आजही बसतं, कारण कापणीला आलेला भात भिजतो. म्हण ज्या पिकाच्या मुलखात तयार झाली त्या पिकालाच लावा.

पेरणीचा निर्णय या चौघांपैकी कुणावरच सोडू नका. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असतो, आणि तेवढी बेरीज तुमच्याच वहीत आहे. बेरीज भरली तरी खुरप्यानं वीतभर उकरून ओल बघा. मध्ये दहा दिवस ऊन पडलं असेल तर कागदावरचे ९० मि.मी. जमिनीत राहिलेले नसतात.

पावसाळा संपला तरी मापक काढून ठेवू नका. द्राक्षवाल्यांना नोव्हेंबरची सर आणि फेब्रुवारी-मार्चची गारपीट दोन्ही मोजायची असतात. नरसाळ्यात गारा साचल्या तर सिरिंजनं मोजलेलं कोमट पाणी त्यांच्यावर सोडा, सगळ्या वितळल्या की एकूण पाणी मोजा आणि ओतलेलं वजा करा. गारांचा आकार लिहायचा असेल तर वितळायच्या आत पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा.