रिपीटर चालू आहे, आधी सेट तपासा: नव्या हॅमनी या चुका टाळा

“रिपीटर बंद आहे का? मला सगळे ऐकू येतात, पण माझ्या हाकेला कोणी ओ देत नाही.” लायसन्स हातात पडलेला नवा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, हे हमखास विचारतो. रिपीटर म्हणजे आपला आवाज झेलून दूरवर पुन्हा पाठवणारा सेट. ऐकू येतंय म्हणजे तो चालू आहे. पोहोचत नाहीये तो तुमचा आवाज.

सगळ्यात जास्त घोळ शिफ्टचा, म्हणजे ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीतल्या फरकाचा. आपल्याकडे 2 मीटर बँडवर रिपीटर जिथे बोलतो, त्याच्या 600 किलोहर्ट्झ खाली ऐकतो. समजा तो 145.600 मेगाहर्ट्झवर ऐकू येतो, तर आपण बोलायचं 145.000 वर. अशीच तक्रार करणाऱ्या एका मुलाच्या गच्चीवर गेलो. त्याच्या बाओफेंग यूव्ही-5आर या हँडीच्या (हातातल्या सेटच्या) 26 नंबरच्या मेनूत 00.600 हवं होतं, तिथे 06.000 होतं. म्हणजे तो संध्याकाळभर 139 मेगाहर्ट्झच्या आसपास कॉलसाईन (लायसन्सवरचं आपलं ओळखनाव) देत बसला होता. आपला बँड 144 ते 146. त्याखाली बोलायचा परवाना आपल्याला नाही आणि तिथे दुसऱ्यांची कामं चालू असतात. मेनू 25 मध्ये शिफ्ट उणेऐवजी अधिक ठेवली होती का, तेही पाहिलं, कारण तसं केलं की 146.200, पुन्हा बँडबाहेर. अमेरिकी व्हिडिओ बघून सेटिंग करणारे इथेच फसतात. तिकडे बँड 148 पर्यंत आहे आणि अधिक शिफ्टही सर्रास चालते.

दुसऱ्याची तयार चॅनेलांची फाईल घेऊन सेटमध्ये भरायची घाई मला अजिबात पटत नाही. पहिला रिपीटर तरी हाताने भरा. मी प्रत्येक नव्या चॅनेलवर लो पॉवरला कॉलसाईन देतो आणि पीटीटी (बोलायचं बटण) दाबलेलं असताना डिस्प्लेवरचा आकडा वाचतो. तो बदलला नाही, तर शिफ्ट लागलेलीच नाही.

टोन, म्हणजे रिपीटर उघडण्यासाठी आवाजासोबत जाणारा बारीक सूर, फक्त पाठवण्याचा लावा, मेनू 13. मेनू 11 मध्येही तोच भरला आणि रिपीटर टोन परत पाठवत नसेल, तर तुमचा सेट मुका बसेल.

पीटीटी दाबल्या दाबल्या बोलू नका. रिपीटर उघडायला क्षणभर लागतो, आणि त्यात तुमचं “व्हिक्टर युनिफॉर्म” (कॉलसाईनच्या सुरुवातीचं VU) गिळलं जातं. एक श्वास घ्या, मग बोला.

हँडी कमरेला लावून बोलू नका. अँटेना उभी धरा, शक्यतो गच्चीत किंवा खिडकीशी या. पाच वॉट पुरतात, रबरी अँटेनाला आडोसा चालत नाही.

नुसतं पीटीटी दाबून रिपीटर उघडतो का बघणं बंद करा. कॉलसाईन द्या आणि “टेस्टिंग” म्हणा.

दोघांच्या बोलण्यात दोन सेकंदांची जागा सोडा. घाटात गाडी बंद पडलेला माणूस त्याच फटीतून “ब्रेक” म्हणणार असतो. गप्पा लांबल्या आणि दोघं जवळच असाल, तर सिम्प्लेक्सवर, म्हणजे रिपीटरशिवाय थेट बोलण्यावर, जा.

लायसन्सशिवाय मिळणारे 446 मेगाहर्ट्झचे वॉकी-टॉकी या रिपीटरवर चालत नाहीत. लायसन्स येईपर्यंत फक्त ऐका.