आयरिश पूर्वज शोधताय? शाळेच्या वह्या बघा

आयर्लंडमधलं खापरपणजोबांचं गाव सापडलं पण पुढे काहीच मिळेना, असं बऱ्याच जणांचं होतं, कारण १९२२ साली डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्याला लागलेल्या आगीत १९व्या शतकातली बरीच जनगणना जळाली. अशा वेळी स्कूल्स कलेक्शन बघा. १९३७ ते १९३९ मध्ये शाळेतल्या पोरांनी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून गोष्टी, औषधं, दुष्काळाच्या आठवणी असं सगळं वह्यांत उतरवून घेतलं, आणि आता ते दूखस (dúchas.ie) नावाच्या साइटवर फुकट वाचता येतं.

आधी आडनाव टाकू नका, टाउनलँड शोधा, म्हणजे आयर्लंडमधला जमिनीचा सगळ्यात छोटा विभाग. तो १९०१ किंवा १९११ च्या जनगणनेत मिळतो. मग जवळच्या शाळांच्या वह्या पानन्‌पान चाळा, स्पेलिंग बदलून बदलून बघा, आयरिश भाषेतलं नावसुद्धा ट्राय करा. गोष्ट सांगणाऱ्याचं नाव, पत्ता, कधीकधी वयही असतं, ते जनगणनेशी जुळवायचं (वय मात्र अंदाजेच धरा हं).

पूर्वजाचं नाव नाही सापडलं तरी शेजाऱ्याने सांगितलेली दुष्काळाची आठवण त्याच गल्लीतली असते ना! फक्त ऐकीव गोष्टीला पुरावा समजून डायरेक्ट वंशावळीत टाकू नका. आणि उत्तर आयर्लंडच्या सहा काउंट्या यात नाहीत.